पूर येणाऱ्या नदीकाठी हॉप्स: विलॅमेट खोऱ्यातली मळीची शेती

दर हिवाळ्यात असा एखादा फोन येतोच. पलीकडे पोर्टलंडजवळ राहणारा कुणी आपला माणूस असतो. आयटीत वीस वर्षं काढलेली असतात आणि आता मातीत हात घालायची हौस असते. "नदीला लागून बारा एकर आहे, भाव कमी सांगतायत, पूर येतो म्हणे. हॉप्स लावले तर चालेल का?" हॉप्स म्हणजे बिअरला कडवट चव आणि वास देणारी कणसं धरणारी वेल. पूर किती चढतो हे मी आधी विचारत नाही. उतरायला किती दिवस घेतो, ते विचारतो. बहुतेकांना माहीत नसतं. जमीन विकणाराही सांगत नाही, कारण त्याला बरोबर माहीत असतं.

माझं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या बाजूचं. पूर म्हटलं की श्रावण आणि उभा ऊस हेच माझ्या डोळ्यांसमोर येतं. पोंग्यात गाळ बसला की ऊस गेला, हे तिकडे लहान पोरालाही कळतं. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात आलो तेव्हा नदीकाठच्या सखल जमिनीत लोक हजारो डॉलरचा मांडव उभा करतात हे बघून मला वेडेपणा वाटला होता. इंडिपेंडन्स गावाजवळ माझे स्वतःचे चार एकर झाल्यावर हिशेब कळला. इथला पूर हिवाळ्यात येतो आणि हॉप्सची वेल तेव्हा जमिनीखाली झोपलेली असते. कृष्णेचा पूर पिकाच्या ऐन भरात येतो, विलॅमेटचा पीक घरात गेल्यावर. या एका फरकावर इथली सगळी शेती उभी आहे. फरक कधीकधी चुकतो, त्याबद्दलही पुढे लिहितो.

पूर आणि वेल, दोघांचं वेळापत्रक

विलॅमेट खोऱ्यात वर्षाला साधारण चाळीस इंच पाऊस पडतो, बहुतेक सगळा ऑक्टोबर ते मे या काळात. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. मोठे पूर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतले: डोंगरात बर्फ साचलेलं असताना वरून उबदार पाऊस आला की दोन्हींचं पाणी एकदम उतरतं. डिसेंबर १८६१ च्या पुरात शँपोएग नावाचं अख्खं गाव वाहून गेलं. १९६४ च्या नाताळातला पूर आणि फेब्रुवारी १९९६ चा पूर म्हातारी माणसं अजून सांगतात. सेलममध्ये, म्हणजे ऑरेगॉनच्या राजधानीत, नदीची पूरपातळी २८ फूट धरतात. १९९६ ला ती ३५ फुटांवर गेली होती. वरच्या उपनद्यांवर लष्कराच्या अभियांत्रिकी दलाची तेरा धरणं आहेत, त्यामुळे पुराचा माज उतरला आहे, पूर संपलेला नाही.

हॉप्सची वेल दरवर्षी नव्याने वर येते. जमिनीखालचा गड्डा वीस-पंचवीस वर्षं जगतो. मार्चमध्ये कोंब फुटतात, मेमध्ये वेल दोरीला लावतात, जूनअखेर ती अठरा फुटांवरच्या तारेला पोचते, जुलैत फुलते. जातीप्रमाणे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काढणी होते आणि त्यानंतर शेतात उभे राहतात ते फक्त खांब आणि तारा. झोपलेल्या गड्ड्यावरून थंड, वाहतं पाणी तीन-चार दिवस गेलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. तेच पाणी पंधरा दिवस साचलं, किंवा कोंब फुटल्यावर आलं, तर मुळं कुजतात.

तसं एप्रिल २०१९ मध्ये झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॉर्व्हॅलिस-ऑल्बनीकडून सेलमपर्यंत नदी पात्राबाहेर आली. कोंब वीतभर झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीतला आमचा वाडा पाण्यात होता. भाऊ फोनवर म्हणाला, "तुझ्याकडे होऊन गेला, आता आमच्याकडे." जानेवारीच्या पुराची मला आता फारशी भीती वाटत नाही. एप्रिलच्या पुराची वाटते, आणि खाली जे सांगतो ते मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

जमीन बघायला पावसाळ्यात जा

जमीन उन्हाळ्यात बघू नका. जुलैत इथली प्रत्येक जमीन सोन्यासारखी दिसते. जानेवारीत, चार दिवसांच्या पावसानंतर गमबूट घालून जा.

नदीकाठच्या सखल भागातही तीन-चार तऱ्हेची माती असते. अगदी काठाशी न्यूबर्ग नावाची रेताड पोयट्याची माती. निचरा उत्तम, पण धावत्या पाण्याच्या वाटेत. जरा आत शेहेलिस आणि क्लोकाटो. आपल्याकडच्या नदीकाठच्या कसदार मळीसारखी, खोल आणि भुसभुशीत. हॉप्सला मला याहून चांगली जमीन ठाऊक नाही. या पट्ट्यांच्या मधोमध नदीच्या जुन्या पात्रांचे खळगे असतात आणि त्यात वापाटो नावाची जड, चिकण, चिबड माती असते. तिथे हॉप्स लावू नका. कितीही स्वस्त मिळाली तरी लावू नका. सरकारच्या 'वेब सॉइल सर्व्हे' या नकाशावर आपला तुकडा काढला की ही नावं फुकटात दिसतात. पण नकाशातली रेघ आणि शेतातली रेघ यांत पन्नास फुटांचा फरक सहज पडतो, म्हणून फावडं घ्याच.

तीन फूट खोल खड्डा घ्या. एकच नको, बारा एकरांत सात-आठ तरी. बाजूची माती नखाने खरवडून बघा. एकसारखी तपकिरी असेल तर बरं. दीड-दोन फुटांत करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर तिथे दरवर्षी कित्येक आठवडे पाणी मुरून बसतं. माती खोटं बोलत नाही. मग खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बसा. तासाला इंचभर तरी पाणी खाली जायला हवं. माझ्या एका खड्ड्यात दुपारी दोनला भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच होतं, वर एक बेडूक. तो अर्धा एकर मी आजही गवताला सोडलेला आहे.

आता पाणी येतं कुठून ते बघा. झाडांच्या बुंध्यांवर, कुंपणाच्या तारांत अडकलेलं गवत, काड्या, प्लास्टिक हे गेल्या पुराचं मोजमाप असतं. कचरा तारेवर ताणून, एकाच दिशेला विंचरल्यासारखा असेल तर तिथून पाणी धावतं. सपाट थरासारखा चिकटलेला असेल तर तिथे पाणी मागून फुगत येतं आणि साचतं. धावतं पाणी माती उचलून नेतं, साचतं पाणी मुळं गुदमरवतं. दोघांचे उपाय वेगळे, म्हणून हा फरक कागदावर मांडून ठेवा. राज्याच्या भूगर्भ खात्याचे लायडार नकाशेही (विमानातून लेझरने जमिनीचा चढउतार मोजून काढलेले) बघा. त्यात जुन्या पात्रांच्या नागमोडी रेषा इतक्या स्पष्ट उमटतात की नदी कुठून कुठे सरकली हे घरबसल्या कळतं.

कागदपत्रं

फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, पूरनकाशात तुमचा तुकडा कुठे येतो हे पहिल्यांदा काढा. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा असते, तसंच हे. "शंभर वर्षांचा पूर" म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा असं समजू नका. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. पूरक्षेत्रात खांब पुरणं, भराव घालणं, शेड बांधणं या सगळ्यासाठी काउंटीच्या नियोजन कार्यालयात आधी विचारा. खांब पुरल्यावर विचारू नका. नदीचा काठ दगडांनी बांधून काढायचा विचार असेल तर तो वेगळ्याच परवानग्यांचा खेळ आहे. या नदीत सामन मासे आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास लक्षात येत नाही. जमीन नदीला लागून आहे म्हणून नदीचं पाणी उपसता येत नाही. ऑरेगॉनात १९०९ च्या कायद्यापासून पाण्याचा हक्क वेगळा नोंदवलेला असतो आणि जुना हक्क आधी भागतो. जमिनीसोबत सिंचनाचा हक्क येतो का, कोणत्या सालचा, किती एकरांचा, हे जलसंपत्ती विभागाकडून लेखी घ्या. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय इथे हॉप्सचं भरघोस पीक येत नाही.

विकायचं कुणाला, हे लागवडीआधी ठरवा. गेली काही वर्षं अमेरिकेत हॉप्सचा साठा गरजेपेक्षा जास्त झाला आहे, बऱ्याच जणांनी वेली उपटल्या. छोट्या शेतकऱ्याला करार मिळत नसेल तर जवळच्या दोन-तीन बिअर कारखान्यांशी ताज्या, ओल्या हॉप्सचं बोलून ठेवावं. एकरी दहा-पंधरा हजार डॉलर मांडव आणि लागवडीत सहज जातात. ते घालून मग गिऱ्हाईक शोधत फिरू नका.

मांडव: पुराच्या अंगाने

द्राक्षाचा मांडव घातलेल्या माणसाला हे काम नवीन नाही, फक्त उंची तिप्पट. बावीस फुटी खांब, त्यातले चार फूट जमिनीत, वर अठरा फुटांवर पोलादी तारांची जाळी. एकरी पन्नास-साठ खांब लागतात. ओळींत चौदा फूट, वेलींत साडेतीन फूट अंतर ठेवलं तर एकरी ८८९ वेली बसतात. प्रत्येकीला दोन दोऱ्या.

ओळी पाण्याच्या धारेला समांतर टाका. सूर्याची दिशा, शेताचा आकार, ट्रॅक्टर वळवायची सोय, सगळं त्यानंतर. धारेला आडव्या ओळी म्हणजे पुराच्या वाटेत कुंपण घातल्यासारखं. एक ओंडका दोन खांबांत अडकतो, त्याच्यामागे काटक्या साचतात, मागे पाणी तुंबतं आणि तुंबलेल्या पाण्याची बाजूने धार निघाली की ती खांबाच्या बुडाची माती खणून काढते. पहिल्या वर्षी माझ्या दोन कोपऱ्यांत असंच झालं होतं, कारण शेताचा आकार नीट दिसावा म्हणून मी ओळी रस्त्याला समांतर घेतल्या होत्या. दीड एकराचा मांडव पुन्हा घातला.

कडेच्या खांबांना ताण देणाऱ्या तारांचे अँकर जमिनीत पुरलेले असतात. चिंब भिजलेल्या रेताड मातीत अँकरची पकड सुटते. तिथे नेहमीपेक्षा खोल पुरा, आणि काढणीनंतर वरच्या तारांचा ताण थोडा सैल करा. नदीकडच्या बाजूला विलो, कॉटनवुड यांची झाडी असेल तर तोडू नका. नसेल तर लावा. मोठे ओंडके त्या झाडीतच अडकतात आणि तुमच्या पहिल्या ओळीपर्यंत फक्त गाळ पोचतो.

मांडवाची उंची पुराच्या दृष्टीने मात्र वरदान आहे. तारा अठरा फुटांवर असल्याने कचरा अडकायला खांबांशिवाय काही उरत नाही. ठेंगण्या मांडवाचा प्रयोग करायची इच्छा झाली तर तो टेकाडावर करा, इथे नको.

दोरी काथ्याची. इथल्या मळ्यांत येणारा बहुतेक काथ्या श्रीलंकेचा असतो. पहिल्यांदा गठ्ठा उघडला तेव्हा नारळाच्या सोडणाचा तो वास आला आणि आजोळच्या कोकणातल्या पडवीत जाऊन आलो. एकरी पावणेदोन हजारांच्या वर दोऱ्या. एक टोक वर तारेला, दुसरं जमिनीत क्लिपने ठोकलेलं.

लागवड

पुस्तकं सांगतात की मार्च-एप्रिलमध्ये वीतभर लांबीचे, दोन-तीन डोळ्यांचे मुळांचे तुकडे लावा. पूर येणाऱ्या जमिनीत मी तसं करत नाही. नुकता पुरलेला तुकडा एका पुरात उघडा पडतो किंवा फूटभर गाळाखाली जातो. कुंडीत वाढवलेली रोपं घेऊन मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा. पैसे जास्त जातात, वर्ष वाया जात नाही. रोपं विषाणूमुक्त असल्याचा दाखला बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसरच्या स्वच्छ रोपांच्या केंद्रातून निघालेला माल धरून चालणारी रोपवाटिका बरी. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला गड्डा प्रेमाने नाकारा. केवडा (डाउनी मिल्ड्यू हा रोग) त्या गड्ड्यातूनच येतो. रोप मादी जातीचंच हवं, नराच्या परागाने कणसात बी भरतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

गादीवाफा करावा की नाही? साचत्या पाण्याच्या जागी आठ-दहा इंच उंच वरंबा फार कामाचा. धावत्या पाण्याच्या जागी तोच वरंबा पहिल्याच पुरात धुपून गड्डा उघडा पाडतो. तिथे सपाट लावा आणि जूनमध्ये वेल वर गेल्यावर बुडाशी हलकी भर घाला.

जातीची निवड करताना वास आणि बाजार यांच्या बरोबरीने केवडा बघा. ऑरेगॉन एकेकाळी देशात सगळ्यात जास्त हॉप्स पिकवायचं. १९३० च्या आसपास केवडा आला, तेव्हाच्या क्लस्टर जातीला त्याने झोडपलं आणि धंदा हळूहळू पर्वतापलीकडे, वॉशिंग्टनच्या कोरड्या याकिमा खोऱ्यात गेला. इथे टिकली ती केवडा सोसणारी फगल. तिच्यापासूनच कॉर्व्हॅलिसच्या सरकारी संशोधकांनी विलॅमेट ही जात काढली, १९७६ मध्ये. त्यांचीच कॅस्केड १९७२ ची. नदीकाठच्या धुक्यात नवख्याने या दोन्हींपैकी एक लावावी. सेंटेनियलला भाव चांगला, पण केवड्याला ती कच्ची. तिला उंचावरचा वाऱ्याचा तुकडा द्या.

पहिल्या वर्षी फार अपेक्षा नको. वेलीला दोरीवर जाऊ द्या, मिळेल ते तोडा, पण वेल बुडापासून छाटू नका. पानांतलं अन्न मुळांत उतरलं तरच गड्डा हिवाळ्यातला पूर सोसेल.

एप्रिल ते जुलै

एप्रिलच्या मध्यापर्यंत कोंब हात-दीड हात होतात. ते सगळे जमिनीलगत छाटायचे. द्राक्षातल्या खरड छाटणीसारखंच. दुसऱ्यांदा फुटलेले कोंब जोमदार आणि एकसारखे येतात, आणि केवडा लागलेला पहिला फुटवा निघून जातो. छाटणीआधी नदीचा अंदाज बघा. चार दिवसांत पाणी येणार असेल तर थांबा. ताजी जखम गाळाच्या पाण्यात बुडवण्यापेक्षा छाटणी आठवडाभर लांबलेली परवडते.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक दोरीला तीन कोंब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटे गुंडाळलेत तर ते रातोरात सुटून खाली येतात. मजुराला पहिल्या तासात हे दाखवावंच लागतं. वेलीच्या अंगावर बारीक ताठ केस असतात, हातांवर ओरखडे उठतात, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घाला. बाकीचे कोंब काढून टाका. ते परतून तूप-जिऱ्यावर चांगले लागतात. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत दुसरी भाजी नसते.

नत्र एकरी ४५ ते ६५ किलो पुरतं, तेही एप्रिलपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हप्त्याहप्त्याने. पुढे दिलेलं नत्र मावा किडीच्या आणि भुरी रोगाच्या घशात. पुराच्या गाळाने खत मिळतं हे खरं, पण किती मिळालं ते माती तपासल्याशिवाय कळत नाही. पीएच ५.७ च्या खाली गेला तर चुना. ठिबकने पाणी, जुलैत आठवड्याला दीड इंचाच्या आसपास.

दिवस साडेपंधरा तासांचा होतो तेव्हा वेल उंच जाते आणि तो कमी व्हायला लागला की फुलावर येते. गावाकडून विचारतात, हे आपल्याकडे का नाही? सांगलीत सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर. वेल पुरती वाढायच्या आधीच फुलते आणि पीक हाती लागत नाही. भारतात हॉप्सची लागवड झाली ती हिमाचलच्या लाहौलमध्ये आणि काश्मीरमध्ये.

केवडा

नदीकाठी सकाळी दहापर्यंत धुकं असतं, म्हणजे पानं दहापर्यंत ओली. हा रोग गड्ड्यातल्या डोळ्यांत हिवाळा काढतो. एप्रिलमध्ये ओळीतून चालताना एखादा कोंब खुंटलेला, फिकट पिवळा, पानं खाली मुडपलेली आणि ठिसूळ दिसतो. पान उलटा. मागे काळपट-जांभळट बुरशी दिसली की तोच. असा एक कोंब हजारो बीजाणू सोडतो. बादली घेऊन फिरा, कोंब बुडापासून उपटा, शेताबाहेर न्या. तिथेच टाकलेत तर काढला काय नि ठेवला काय.

वेल वर गेल्यावर बुडाची तीन-चार फुटांची पानं ओरबाडून टाका, म्हणजे वारा खेळतो. मधल्या पट्ट्यातलं गवत मेपासून आखूड ठेवा. फवारणी पावसाच्या अंदाजावर करा, कॅलेंडरवर नको, आणि औषधाचा गट बदलत राहा. जुनी मेटालॅक्झिल कित्येक ठिकाणी निकामी झाली आहे. पुरानंतरच्या वसंतात नेहमीपेक्षा एक फेरी आधी धरा. भुरी या भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली, ती जूननंतर बघावी लागते. लाल कोळी ऑगस्टच्या उन्हात. हे दोन्ही द्राक्षवाल्यांच्या ओळखीचे, त्यांच्यावर इथे वेळ घालवत नाही.

पाणी उतरल्यावर

पहिले काही दिवस शेतात ट्रॅक्टर घालू नका. वाफसा येईपर्यंत नाहीच. ओल्या पोयट्यावर एकदा चाक फिरलं की खाली जो कडक थर बसतो तो दोन उन्हाळे निघत नाही, आणि पुढच्या पुराचं पाणी त्यावरच साचतं. पुरापेक्षा पुरानंतरच्या घाईने जास्त मळे बसलेले मी बघितले आहेत.

पायी जा. सोबत बांबूच्या काठ्या आणि रंगीत फिती. खांब हलवून बघा, बुडाशी खड्डा पडला असेल तर लाल फीत. गड्डा उघडा पडला असेल तर पिवळी, त्याच दिवशी ओली माती ओढून झाका, थंडीत उघडी मुळं टिकत नाहीत. गाळ किती बसला ते काठी खुपसून मोजा. दोन-तीन इंच असेल तर आभार माना आणि सोडून द्या. सहा इंचांवर गेला तर मार्चच्या आत काढायला हवा.

हे काम यंत्राने होत नाही. फावड्याने वरचा गाळ ओढायचा आणि शेवटचे दोन इंच हातांनी. गाळ थंड असतो, लोण्यासारखा, त्यात कुणाच्या तरी अंगणातली प्लास्टिकची पाटी, अक्रोड, एकदा तर शाळकरी पोराचा डबा निघाला. बोटांना अचानक काहीतरी टोकदार लागतं. जांभळट-पांढरा कोंब, शतावरीच्या कोंबासारखा, वर यायची वाट शोधत आडवा वळलेला. तिथे थांबायचं, कोंब मोडू द्यायचा नाही. एका वेलीला पाच मिनिटं धरली तर एकराला बहात्तर-पंचाहत्तर माणूस-तास. म्हणून खळग्यातला अर्धा एकर मी गवताला सोडला म्हटलं ना, तो हिशेब इथून आला.

पुराबरोबर नको ती रोपंही येतात. जपानी नॉटवीड या तणाचा बोटभर तुकडा गाळात रुजतो आणि तीन वर्षांत ओळ गिळतो. मेमध्ये बांबूसारखे लालसर ठिपक्यांचे देठ दिसले की लगेच खणून काढा. शेतात डिझेलचा वास आला किंवा पाण्यावर तवंग दिसला असेल तर माती तपासून घ्या. सगळे फोटो तारखेसह ठेवा. शेतातला राडारोडा काढायला आणि धूप भरायला केंद्र सरकारची आपत्कालीन मदत योजना आहे, पण काम सुरू करण्याआधी कृषी सेवा कार्यालयात कळवावं लागतं.

काढणी, आणि नदी यायच्या आत

कणीस हातात चुरगळलं की कागदासारखं वाजायला हवं, आत पिवळी भुकटी सोनेरी झालेली हवी. अंदाजावर न जाता शंभर ग्रॅम कणसं तोलून पूर्ण वाळवा. बावीस ते पंचवीस ग्रॅम उरली तर काढा. वेल अख्खी कापून यंत्रावर नेतात. भट्टीत साठ अंशांच्या आसपास, आठ ते दहा टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवायचं. भट्टी, डिझेलची टाकी, खतं, औषधं यांतलं काहीही सखल जमिनीत नको. वरच्या टप्प्यावर जागा नसेल तर भाड्याने घ्या.

शेवटची वेल निघाली की आठवड्याभरात मधल्या पट्ट्यात राय किंवा ओट आणि क्रिम्सन क्लोव्हर पेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरलेलं पीक पुराआधी मुळं धरत नाही, म्हणून काढणी लांबली तर ओळीआड ओळ पेरत चला. उरलेल्या दोऱ्या, वेलींचे तुकडे गोळा करा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून वर न्या. राहिलेल्या नळ्या फेब्रुवारीत शेजाऱ्याच्या कुंपणात सापडतात. पंपाची मोटर मी चाकांच्या गाड्यावर बसवली आहे, एक नोव्हेंबरच्या आत ती ट्रॅक्टरला जोडून घरी येते. आणि शेताच्या वरच्या बाजूच्या एका खांबावर फुटांच्या खुणा रंगवून घ्या. सेलमला नदी अमुक फुटांवर असताना आपल्या खांबावर पाणी कुठे, हे दोन-तीन हिवाळे वहीत टिपलं की सरकारी अंदाजात सेलमचा आकडा बघून आपल्या शेतात पाणी कधी शिरणार ते सांगता येतं. माझ्या वहीत सध्या अकरा नोंदी आहेत.